गिटार घेताना मी अर्धंच मोजलं

माझ्या डाव्या हाताची करंगळी लहानपणापासून आखूड आहे. चाळिशीनंतर गिटार शिकायला लागले तेव्हा नौपाड्यातल्या माझ्या सरांनी दोन महिन्यांत ओळखलं की दोष माझ्या सरावाचा नाही, गिटारच हाताला मोठी आहे. "लहान बॉडीची, शॉर्ट स्केलची बघा," ते म्हणाले. नवीन परवडत नव्हती, म्हणून वापरलेली शोधत होते. ती वाशीत मिळाली, २२,००० रुपयांना.

स्केल म्हणजे नटपासून (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (बॉडीवर तार टेकते ती पट्टी) तारेची कंपन पावणारी लांबी. नेहमीच्या मोठ्या गिटारची बहुधा २५.४ इंच, म्हणजे ६४५ मिलिमीटर असते, आणि शॉर्ट स्केलची २४.९ इंच, म्हणजे ६३२. फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा आहे, पण पहिल्या चार फ्रेटमध्ये, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, बोटं ताणावी लागतात त्यांना तो लगेच कळतो. तारही थोडी मऊ लागते. बाराव्या फ्रेटला नेक, म्हणजे दांडी, जोडलेली गिटार म्हणजे शॉर्ट स्केल, असं बरेच जण समजतात आणि मीही तसंच समजत होते. तसं नसतं. नेक बॉडीला बाराव्या फ्रेटपाशी मिळो नाहीतर चौदाव्या, बारावा फ्रेट स्केलच्या निम्म्यावरच येतो. जोड बदलली की ब्रिजची, म्हणजे सॅडल ज्यात बसतो त्या लाकडी तुकड्याची, बॉडीवरची जागा बदलते.

विकणारा माणूस बोलायला अतिशय मृदू होता. घरीच मुलांचे क्लास घेतो म्हणाला. प्रत्येक वाक्यात ताई. मी स्केलचं विचारल्यावर त्याने टेप माझ्याच हातात दिली. "ताई, तुम्हीच मोजा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत, आणि दुप्पट करा." मी मोजलं तर ३१६ मिलिमीटर भरलं. दुप्पट ६३२. उत्तर बरोबर आलं आणि माझ्या मनातली सगळी शंका तिथेच संपली. मग त्याने सी, जी, डी हे कॉर्ड वाजवून दाखवले. आवाज खरंच गोड होता. त्या अर्ध्या तासात त्याचा हात तिसऱ्या फ्रेटच्या वर एकदाही गेला नाही, हे मला फार उशिरा आठवलं. निघताना म्हणाला, "तारा नव्या आहेत, बसायला आठवडा लागेल." हे खरंच असतं, नव्या तारा ताणतात आणि उतरतात. म्हणून मी पुढचे दहा दिवस रोज ट्यून करत राहिले आणि वाट बघत राहिले.

चोरी पकडली माझ्या मामाने. मामा आयुष्यभर सतार वाजवत आलाय. रविवारी घरी आला, गिटार मांडीवर घेतली, तार मोकळी छेडली आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडली. पुन्हा छेडली. "वरचा सा उतरलेला आहे गं." मी ट्यूनर लावला. त्याच फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता निघणारा वरचा सूर, काढला की काटा बरोबर मध्यावर, तार दाबली की पंधरा सेंट खाली. एका अर्धस्वराचे शंभर सेंट असतात. ऐकणाऱ्याच्या कानाला पंधरा पुरेसे टोचतात. मामा म्हणाला, "सतारीचा पडदा असता तर दोरा सैल करून सरकवला असता. हा तर लाकडात ठोकलाय."

कळव्यात एक गृहस्थ घरी वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी मी मोजलेलंच आधी मोजलं, ३१६. मग टेप तशीच पुढे नेली, बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत. ३२५. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, तो भरून काढायला सॅडल दोन ते पाच मिलिमीटर मागे ठेवतातच. नऊ मिलिमीटर कोणी ठेवत नाही. त्यांनी साउंडहोलमधून, म्हणजे बॉडीवरच्या गोल भोकातून, आरसा आणि दिवा घातला आणि मला वाकून बघायला सांगितलं. नेक ज्या ठोकळ्याला बोल्टने आवळतात, त्यात बोल्टच्या भोकांच्या दोन जोड्या होत्या, एक जोडी लाकडी खुंट्या मारून बुजवलेली. लेबलचा खालचा, मॉडेलचा भाग ओला करून खरवडलेला होता. मला तो जुनाट वाटला होता.

"ही बॉडी या नेकची नाही," ते म्हणाले.

हे डोळ्यांना का दिसत नाही, तेही त्यांनीच समजावलं. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने १९२९ मध्ये ओएम नावाचा आकार काढला. आजची ओएम आणि चौदाव्या फ्रेटला नेक जोडलेली, ट्रिपल ओ नावाची त्यांचीच गिटार, दोन्हींच्या बॉडीचा आकार सारखाच, स्केल मात्र बहुधा वेगळं, २५.४ आणि २४.९. इतर कंपन्याही हेच आकार वापरतात. म्हणजे एका मोडक्या गिटारची बॉडी आणि दुसरीची नेक एकमेकांना छान बसतात. पण लांब स्केलच्या बॉडीवर जोडापासून सॅडल २८७ मिलिमीटरवर असतो, आखूड नेकला तो साधारण २८१ वर हवा. ते सहा मिलिमीटर तिसऱ्या फ्रेटवर तीन सेंट चुकवतात, ते कोणाला ऐकू येत नाहीत. सातव्यावर आठ, बाराव्यावर पंधरा-सोळा.

मी विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला, लहान गिटारचे वरचे सूर असेच असतात, सवय होईल. मग म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतः मोजून घेतलीत ना?" त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. पण घेण्याआधी मी चॅटवर विचारलं होतं आणि त्याने लिहून दिलं होतं, "नेक ओरिजिनल, कधीच उघडलेली नाही." तेवढी एक ओळ माझ्याकडे आहे. ती आणि यूपीआयची नोंद जोडून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० खाली, तक्रार अर्ज दिला आहे. तोंडी विचारलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं, म्हणून तुम्हीही असले प्रश्न लिहूनच विचारा.

जाल तेव्हा मिलिमीटरची टेप, ट्यूनर आणि मोबाइलचा टॉर्च न्या. टेप नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत आणि तिथून सॅडलपर्यंत, दोन्हीकडे लावा. सहाही तारा बाराव्यावर दाबून हार्मोनिकशी ताडून बघा, विकणारा कितीही घाई करो. नेक जिथे बॉडीला मिळते त्या हीलच्या कडेवरून नख फिरवा. माझ्या गिटारला तिथे ताज्या पॉलिशची बारीक धार लागत होती, मला ती जुन्या गिटारची झीज वाटली.

दुरुस्ती होऊ शकते. ब्रिज उपटून सहा मिलिमीटर पुढे चिकटवायचा, जुन्या जागेचा व्रण मागे राहणार, बॉडीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांना धक्का लागण्याची भीती आहेच. खर्च ७,००० रुपये. अजून ठरवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. लहान बॉडी गडद, नेक जरा फिकट, हीलपाशी चकाकणारी बारीक रेघ. किंमत २४,००० रुपये, आणि खाली लिहिलंय, "शॉर्ट स्केल. टेप घेऊन या, स्वतः मोजून घ्या."