गणपती ते शिमगा: आईच्या बटणांच्या फोरजी फोनचे सहा महिने

गणपतीला गावी जाताना दादरहून आईसाठी बटणांचा फोरजी फोन घेतला. संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीत जो टॉवर आला तो फोरजीचाच, त्यामुळे तिचा जुना टूजी फोन कपाटात गेला. आता शिमगा आला. फोन वापरते ती, कटकट येते भांडुपला माझ्याकडे, म्हणून हा अनुभव दोघांचा.

फोन दणकट. पायरीवरून दोनदा पडला, काही झालं नाही. चार्जिंग तीन दिवस पुरतं. रिचार्ज फक्त कॉल-एसएमएसचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. रोजचा दीड जीबी नेट ती काय भाकरीला लावणार होती?

सर्वात आवडलं ते यूपीआय १२३पे. मार्च २०२२ पासून आहे, साध्या फोनवरून नेटशिवाय पैसे जातात, एका वेळी १०,००० पर्यंत. चालू करायला मात्र डेबिट कार्ड लागलं. आईकडे आयुष्यभर पासबुकच. कार्ड यायला महिना गेला. पहिल्यांदा वाण्याला पैसे पाठवल्यावर रात्री तिचा फोन, "आज सुट्ट्यांवरून भांडण नाही झालं रे."

खरी गोची ओटीपीची. पडवीत रेंज नाही, विहिरीवर आहे. मी लोकलमध्ये लटकून तिचा फॉर्म भरतोय, ती विहिरीवर उभी, आणि मेसेज इंग्रजीत. इंग्रजी नऊ तिला आपला १ वाटतो. दोनदा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात बँकेला कॉल लावला की आधी रेकॉर्ड केलेली बाई बजावते, ओटीपी कोणालाही सांगू नका. आई विचारते, "तू कोणालाही नाहीस ना?" हसलो, पण तिच्या खात्याची किल्ली माझ्या हातात आहे, हे मला बरं वाटत नाही.

चेहऱ्याचं केवायसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ओळख पटवणं, तर या फोनवर होणारच नाही. तालुक्याला गेली, तिथे म्हणे पापण्या मिचकावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मशीनला काही पटेना. तीन फेऱ्या, तीनदा एसटी. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच डोळे मिचकावण्याच्या अटीवर बोट ठेवलं आणि डिजिटल सेवा मिळणं राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरलं. तो निकालही बहुधा एसटीनेच येतोय आमच्याकडे.

फोनला ४ तारे. एक कापला तो टॉर्चच्या बटणासाठी. खिशात आपोआप पेटते. मे महिन्यात गावी गेलो की आधी इंग्रजी नऊ शिकवणार आहे. ती म्हणते, त्यापेक्षा मेसेज मराठीत पाठवायला सांग ना त्यांना.