बॅकहाउसचं प्रवासवर्णन: चिकटवलेली प्रत घ्यावी की जुजबंदीची?

जेम्स बॅकहाउसचं 1843 सालचं ऑस्ट्रेलियाचं प्रवासवर्णन ऑनलाइन मागवलं की बेळगावात घरपोच येतं. पण मागणीनुसार छापलेली ती प्रत घेऊ नका. स्कॅन करताना घडीचे नकाशे उलगडलेलेच नाहीत, म्हणून वरचा पदर तेवढा छापला गेलाय. बॅकहाउस फेब्रुवारी 1832 मध्ये टास्मानिया बेटावरच्या होबार्टला उतरला आणि सहा वर्षं मॅक्वारी हार्बर, नॉरफोक बेट, मोरेटन बे अशा कैद्यांच्या वसाहती पाहत हिंडला. नकाशाशिवाय वाचणारा चाचपडतो. शिवाय सातशेहून जास्त पानं नुसत्या डिंकावर! दोनदा सपाट उघडलं की कणा तडकतो.

त्यापेक्षा पूर्ण स्कॅन उतरवून खडेबाजारातल्या बाइंडरकडून जुजबंदीने, म्हणजे दोऱ्याने शिवून घेतलेली प्रत कितीतरी सरस. मूळ मजकूर 560 पानं, म्हणजे 16 पानी 35 फर्मे. परिशिष्टं 144 पानं, म्हणजे 9. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की एक फर्मा. परिशिष्टांचा वेगळा खंड करा, नाहीतर कणा फुगतो. बाजारातल्या ए-फोरचा धागा, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बहुधा लांबीत असतो; दुमडल्यावर तो कण्याला आडवा येतो आणि आपल्या पावसाळ्यात पानं लाटा धरतात. ए-थ्री कागद अर्धा कापून घ्या, धागा बरोबर बसतो. खळीत मोरचूद घालायला सांगायला विसरू नका, कसर लागत नाही.

वाचताना एक अडचण येते. बॅकहाउस क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. हे लोक महिन्यांची आणि वारांची रूढ नावं टाळत, म्हणून ‘दुसरा महिना’ म्हणजे फेब्रुवारी आणि ‘पहिला दिवस’ म्हणजे रविवार. आणि ‘मिनिस्टर’ म्हणजे त्यांचा बिनपगारी उपदेशक, पगारी पाद्री नव्हे. बेळगावात 1820 साली आलेल्या लंडन मिशनवाल्यांशी बॅकहाउसची गल्लत नको. तो इंग्लंडमधल्या यॉर्कचा रोपवाटिकावाला. आपल्या क्वेकर सभेची लेखी संमती घेऊन निघालेला. रोपवाटिकेच्या धंद्यामुळे झाडांचं वर्णन फार नेमकं आहे, आपल्याकडच्या निलगिरीच्या कितीतरी भाऊबंदांसकट. पुढे ‘बॅकहाउसिया’ ही वनस्पतींची प्रजातीच त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ती पानं सावकाश वाचा.

नकाशे मात्र वेगळे शोधून ए-थ्रीवर छापा आणि कण्यात शिवलेल्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीवर चिकटवा. थेट पानाला चिकटवले तर घडी उघडताना पानच फाटतं.