संगमेश्वर की ब्रह्मपुरी? कार्बन साठवायला कुठल्या रानाला पैसे द्यावेत

पुण्यातला माझा एक मित्र आणि अमेरिकेत असलेली त्याची बहीण, दोघांनी मिळून थोडी रक्कम बाजूला काढली आहे. हवेतला कार्बन झाडांत आणि मातीत साठून राहावा यासाठी ती कुठल्यातरी जंगलाच्या कामी यावी, अशी त्यांची इच्छा. वडिलांचं गाव कोकणात, संगमेश्वर तालुक्यात; आजोळ विदर्भात, ब्रह्मपुरीकडे. दोन्हीकडे रान आहे. कुठे द्यावेत पैसे?

मी दोन्ही रानांत बरीच वर्षं फिरतोय. दोघांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, म्हणून सगळे झाडं मोजत बसतात. पण भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या जंगलांचा जो ७,२०४ दशलक्ष टन कार्बन धरला आहे, त्यातला ५६ टक्के मातीत आहे. त्यामुळे किती रोपं लावली यापेक्षा तिथलं हवामान काय टिकू देतं, हे आधी बघायचं.

संगमेश्वरच्या बाजूला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे असले तरी समुद्राचा दमटपणा असतो, ओढ्याकाठची झाडं उन्हाळ्यातही हिरवी राहतात. मे महिन्यात तिथल्या एका देवराईत मी पाचोळा बाजूला करून मातीत बोट घातलं होतं. माती गार होती, हाताला चिकटली. अशा ओल्या उबेत पाचोळा भराभर कुजतो आणि त्यातला बराच कार्बन परत हवेत जातो. म्हणून कोकणात उभ्या लाकडाला फार किंमत आहे. जुनं झाड गेलं की साठ्यातला मोठा वाटा गेला.

जमेची बाजू अशी की हे रान परत येतं. ऐन, किंजळ तोडा, पावसाळ्यात खुंटाला फुटवे येतात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, वर्षानुवर्षं कवळ (पानांसकट कोवळ्या फांद्या) तोडूनही ही झाडं जगली आहेत, यावरून त्यांची चिकाटी कळते. त्यामुळे कोकणात रोपं लावायला पैसे मागणाऱ्याला मी आधी विचारतो, तिथे खुंट शिल्लक आहेत का? असतील तर कुऱ्हाड थांबवणं पुरे. आणि जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ-पठारावर, झाडं लावायला तर एक रुपयाही देऊ नये. तिथे मातीच नाही, शिवाय सड्यावरचं गवत आणि पावसाळी फुलं हे स्वतःच जपण्यासारखं आहे.

कोकणातला धोका एकदाच येतो, पण सगळं घेऊन जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बहुतेक रान खाजगी मालकीचं. ठेकेदार उभं रान विकत घेतो, पंधरा दिवसांत डोंगर उघडा होतो, मागून जेसीबी येतो आणि काजू लागतो. उघड्या उतारावरची माती पुढच्या आषाढात खाली जाते. २२ जुलै २०२१ ला रायगड जिल्ह्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली तसा पाऊस आता पुन्हा पुन्हा होणार, हे धरूनच चालायला हवं. फुटवे पंधरा-वीस वर्षांत लाकूड भरून काढतील, वाहून गेलेली माती मात्र आपल्या हयातीत परत येत नाही.

ब्रह्मपुरीचं गणित वेगळं आहे. पाऊस १,२०० ते १,४०० मिलिमीटर, उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे. साग फेब्रुवारीपासून पानं टाकतो, मे महिन्यात रान नुसतं काड्यांचं दिसतं. वाढ होते ती पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. सागाच्या खोडात ते वलय होऊन उमटतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत अशाच वलयांवरून जुने पावसाळे वाचले जातात. पाऊस कमी झाला की वलय बारीक, म्हणजे त्या वर्षी कार्बनही कमी.

पण इथला खरा प्रश्न वणव्याचा आहे. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, विडीच्या पानांसाठी तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावतात, आणि कडक उन्हात ती कुठल्या कुठे जाते. मोठा साग जाड सालीमुळे वाचतो, त्यामुळे दुरून रान शाबूत वाटतं. एकदा मी वीतभर उंचीच्या रोपाभोवतीची माती उकरून पाहिली. खाली मूळ मनगटाएवढं! ते रोप कित्येक वर्षांचं होतं. दर पावसाळ्यात फुटायचं, दर उन्हाळ्यात जळायचं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईत भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून पन्नास हेक्टरातलं एकेक झाड मोजत आणलं आहे. आगीत बारीक खोडं मरतात आणि मोठी बहुधा तगतात, हे तिथेही दिसलं. आज साठा दिसतो, पण उद्याची झाडं तयारच होत नाहीत. त्यात मध्य भारतात १९५० ते २०१५ मध्ये विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जळून उघडी पडलेली जमीन असा पाऊस धुऊन नेतो.

म्हणून माझं मत असं: एकरकमी मोठे पैसे असतील तर कोकण. रान विकत घ्या, किंवा न तोडण्याचा लेखी करार करा. सातबारावर पंचवीस नावं असतात, सगळ्यांच्या सह्या लागतील. त्यात वर्ष जाईल हे धरून चला.

दरवर्षी थोडे थोडे, पण दहा वर्षं देता येत असतील तर ब्रह्मपुरी. तिथे लागते ती माणसाची मजुरी: जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करायला, ब्लोअरने पाचोळा उडवायला, फेब्रुवारी ते जून रानात फिरायला. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळालेली ग्रामसभा शोधा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं थांबवून बांबूवर भर दिला. असा निर्णय घेणाऱ्या गावात पैसा कामी लागतो.

हे दोघं पगारदार, दरवर्षी देणारे. मी त्यांना ब्रह्मपुरी सांगितलं. संगमेश्वरात फक्त चुलत्यांना फोन करून आपल्या वाट्याचं उभं रान विकू नका एवढं सांगायचं, त्याला पैसे लागत नाहीत. आणि ग्रामसभेशी बोलणं दिवाळीनंतर लगेच व्हायला हवं. साग पानं टाकायला लागला की मग फार उशीर होतो.