लीड क्लिप वापरून पाहिली: हतनूरच्या गाळातला अनुभव

पावसाळा सरल्यापासून मे संपेपर्यंत भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला मी लीड क्लिपवरच (अडकलं की शिसं सोडून देणारी प्लास्टिकची क्लिप) गळ टाकला. (परवानगी काढून. ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारल्याशिवाय तिथे बसू नका.) आमच्याकडे अजून बरेच जण शिसं तंगुसाला (गळाच्या नायलॉनच्या मुख्य दोरीला) गाठ मारूनच बांधतात. तंगूस वरून तुटला की मृगळ किंवा सायप्रिनस मासा ते सगळं लटांबर ओढत फिरतो, आणि शिसं बुडालेल्या बाभळीत अडकलं की तिथेच तडफडून मरतो.

क्लिपची मेख रबरी टोपीत आहे. प्लास्टिकच्या आकड्यात शिशाची कडी बसते, वरून टोपी सरकवायची. अडकल्यावर ओढ बसली की टोपी मागे सरकते, कडी निसटते, शिसं तळाला राहतं आणि मासा सुटतो. पण टोपी कचकचून बसवली तर क्लिप असून नसल्यासारखी. मी ती अर्धीच चढवतो. मग एका मुठीत शिसं, दुसऱ्या हातात गळाची दोरी (क्लिपपासून गळापर्यंतची आखूड), आणि ओढून बघायचं. बेताच्या जोराला सुटलं तर ठीक, नाहीतर टोपी आणखी मागे. स्विव्हल (फिरती कडी) क्लिपमध्ये अडकवणारी बारीक पिन विसरू नका. ती नसेल तर क्लिपच तंगुसावर वर सरकते आणि शिसं सुटतच नाही. स्वस्तातल्या टोप्या भुसावळच्या उन्हात डिकीत राहून कडक झाल्या, त्या फेकल्या.

तक्रार एकच, गाळाची. तापी-पूर्णेचा काळा गाळ इतका मऊ की ८५ ग्रॅमचं शिसं आत रुततं आणि आखूड दोरीसकट आमिषही ओढून नेतं. ५६ ग्रॅमवर आलो, दोरी लांब केली, तेव्हा फरक पडला. वजन कमी झालं की माशाला गळ रुतवणारा झटका कमी होतो, हे मात्र खरं. फारच गाळ असेल तिथे हेलिकॉप्टर रिग बरी, कारण दोरी शिशाच्या वर फिरते. फक्त दोरीच्या वरचा मणी घट्ट बसवू नका. तंगूस तुटल्यावर तो मणी आणि दोरी वरून निघून गेली पाहिजे.

शिसं पाण्यात राहतं हे मनाला टोचतं. इंग्लंडमध्ये शिसं गिळून हंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपली वजनं त्याहून मोठी, पण विष तेच. म्हणून दाट बाभळीत मी आता नदीतला लांबट गोटा कच्च्या दोऱ्याने बांधतो. अडकला तर दोरा तुटतो, खर्च शून्य. फेक थोडी तोकडी पडते. आणि शिसं हाताळून तसेच हात भाकरीला लावू नका, एवढं तरी पाळाच.

घ्यावी का? हतनूर, वाघूरसारख्या अडगळीच्या पाण्यात डोळे झाकून. तापीच्या उघड्या रेताड पात्रात गळ टाकणार असाल तर तंगुसावर मोकळं सरकणारं शिसं पुरे.