ओळखीचा गट की तुटक साखळी?

पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चापेकर सख्खे भाऊ, साथीदारही माहितीतले. अशा ओळखीच्या गुप्त गटात विश्वास आयताच मिळतो, निरोपाची यातायात नाही. पण ओळखीतल्याच द्रविड बंधूंनी पोलिसांपुढे तोंड उघडलं आणि थोरले भाऊ दामोदरपंत सापडले. पेठेत कुणाचं काय चाललंय हे शेजारच्या वाड्याला कळतंच म्हणा!

अल्जीरियात १९५० च्या दशकात फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या एफएलएन या संघटनेनं उलटं केलं. प्रत्येकाला तिघंच ठाऊक: आपल्याला भरती करणारा आणि आपण आणलेले दोघं. मारहाण झाली तरी सांगणार किती? मला हीच रचना उजवी वाटते. मात्र मधला एक धरला गेला की खालचे लोंबकळतात, निरोपही रेंगाळतात. आणि फ्रेंच लष्करानं एकेक नाव जोडत अल्जीयर्समधली अख्खी उतरंड कागदावर मांडलीच.