क्योतोहून आणलेला लाकडी उंदीर (जुनी नेत्सुके घेतली त्याचा रिव्ह्यू)

चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगते.

नेत्सुके म्हणजे (बोलताना तिकडचे लोक उ गिळतात, कानाला नेत्स्के असंच येतं) अक्रोडाएवढं कोरीव काम, पण शोकेससाठी बनवलेलं नाही हं, रोजच्या वापराचं. किमोनोला खिसे नसतात, मग एदो काळातले (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) पुरुष तंबाखूची चंची नाहीतर औषधाची डबी, तिला इनरो म्हणतात, दोरीला बांधून कमरेला लटकवायचे, दोरी ओबीच्या, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्याच्या, आतून वर काढायची आणि ती खाली घसरू नये म्हणून वरच्या टोकाला हे अडकवायचं. बस, एवढंच काम.

माझा पहिला अनुभव फसलेला. एका जत्रेसारख्या बाजारात हस्तिदंती म्हणून एक बैल घेतला, खाली तोमोतादा या जुन्या नामवंत नेत्सुके कारागिराची सही, मी खूश. रूमवर येऊन नीट बघितलं तर पोटावरून साच्याची रेघ गेलेली, म्हणजे सरळसरळ रेझिन! नंतर कळलं की तोमोतादाच्या बैलांच्या नकला होतात हे 1781 सालच्या सोकेन किशो या पुस्तकातच लिहिलंय, म्हणजे सहीवर भुलणारी मी काही पहिली नाही.

दुसऱ्या दिवशी क्योतोच्या मिबू भागातलं नेत्सुकेचं म्युझियम बघितलं, जुन्या सामुराई घरात आहे, आजच्या कारागिरांचंही भरपूर काम आहे तिथे, डोळे तयार व्हायला जाच. मग शिनमोनझेन रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. आजोबांनी ट्रेमध्ये पाच-सहा नग ठेवले आणि मी भिंग काढायला लागले तर म्हणाले आधी हातात धरा. मग एकेक उलटं करून दाखवलं. दोरीची दोन भोकं असतात, हिमोतोशी, बऱ्याचदा त्यातलं एक मोठं कारण गाठ त्यात लपवायची असते, आणि भोकाच्या कडा दोरीने घासून गुळगुळीत झाल्यात का ते बघायचं. अंगाकडची बाजू जास्त झिजलेली हवी. सगळीकडून सारखीच पिवळट आणि खाचाखाचांत एकसारखा चहाचा रंग दिसला की संशय घ्यायचा. शेपूट, कान, पाय काहीही बाहेर आलेलं नको, नाहीतर कपड्यात अडकणार आणि मोडणार. हे ऐकल्यावर माझ्या त्या बैलाची टोकदार शिंगं आठवली आणि हसूच आलं.

मी घेतला तो उंदीर त्सुगे लाकडाचा, तिकडे कंगवे करतात तेच लाकूड, साडेतीन सेंटिमीटर, शेपूट पोटाखाली गुंडाळलेली, सही नाही. 48,000 येन दिले. महाग आहे, हो. पण मुठीत असा बसतो की ठेववत नाही.

हस्तिदंताच्या नादी लागू नका, खरा असला तर परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि तो खरा का ते बघायला कुणी तापलेली सुई टोचायला सांगितली तर प्लीज नको, खरी वस्तू असली तर कायमची खराब कराल.

आता तो कापलेला स्टार. बिलावर लाकूड कुठलं आणि अंदाजे काळ लिहून द्या म्हणून तीनदा सांगितलं, आजोबा मान डोलवत होते, मी निश्चिंत. हॉटेलवर येऊन वाचून घेतलं तर लिहिलेलं, जुनी वस्तू, 1 नग.