कथील-तांब्याची शिसेविरहित सोल्डर वायर: घ्या, पण आधी आयर्न बदला

दर्यापूर, घाटंजी, सिंदेवाही अशा तालुक्याच्या गावांत लॅपटॉप-दुरुस्तीच्या टेबलांवर अजून ६३/३७ चीच सोल्डर वायर (वितळवून सुटे भाग बोर्डाला जोडायची तार) दिसते. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. समोर उघडलेला बोर्ड मात्र बहुतेक वेळा शिसेविरहित असतो. युरोपात रोहसची (विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या नियमाची) बंधनं १ जुलै २००६ पासून लागू झाली, आपल्याकडे ई-कचरा नियमांतून १ मे २०१४ पासून. शिसं, पारा, षट्संयुजी क्रोमियम, पीबीबी आणि पीबीडीई (आग रोखायला प्लास्टिकमध्ये घालतात ती रसायनं) यांना प्रत्येकी ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१ टक्का एवढीच मुभा. आणि ही टक्केवारी अख्ख्या बोर्डाच्या वजनावर नाही, एकजिनसी पदार्थावर मोजतात. ६३/३७ चा एक डाग लावला की त्या डागात शिसं मर्यादेच्या ३७० पट. बंधन उत्पादकावर आहे, दुरुस्तीवाल्याला कोणी पकडायला येत नाही, ही गोष्ट वेगळी.

इथे पाहिलेली वायर ०.८ मिमीची, १०० ग्रॅमचं रीळ, कथील ९९.३ आणि तांबं ०.७, आत रोझिन फ्लक्स (डाग नीट पसरावा म्हणून भरलेली राळ). चांदीवाली (कथील ९६.५, चांदी ३, तांबं ०.५) जरा आधी, २१७ ते २२० अंशांना वितळते आणि बारीक पायांवर छान पसरते, पण बरीच महाग पडते. रोजच्या कामाला तांब्याची पुरते.

अडचण तापमानाची. ६३/३७ वितळते १८३ अंशांना, ही २२७ ला. २५ वॅटच्या साध्या आयर्नने (डाग द्यायच्या तापत्या अवजाराने) हिचं काम होत नाही. त्यात उन्हाळ्यात घरोघरी कूलर सुरू होऊन व्होल्टेज २३० वरून १८० वर आला, तर २५ वॅटचे जेमतेम १५ उरतात, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग बिट (आयर्नचं तापणारं टोक) दहा-दहा सेकंद टेकवून ठेवतात, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडतो आणि खापर वायरीवर फुटतं. ६० वॅटचं तापमान-नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन हवंच. ३५० ते ३७० अंश, दोन-तीन सेकंद.

डीसी जॅक (चार्जरची पिन घालायची जागा) हे खरं परीक्षेचं काम. त्याचा अर्थिंगचा पाय बोर्डातल्या तांब्याच्या थरांना जोडलेला असतो, तो उष्णता ओढून घेतो. आधी फ्लक्स लावून विकने (वितळलेला डाग शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जुना डाग पूर्ण काढा, खालून हॉट एअरने बोर्ड शंभरेक अंशांपर्यंत शेकून घ्या, मग रुंद छिन्नी बिट लावा. टेबलाकडे तोंड करून ठेवलेला कूलर तेवढा वेळ बंद. झोतात डाग बसत नाही. थंड झाल्यावर डाग मंद, जरा खरबरीत दिसेल. या वायरीचा रंगच तसा. ड्राय, म्हणजे नीट न जुळलेला, समजून पुन्हा पुन्हा तापवू नका.

बिट लवकर झिजते, हा खरा तोटा. कथील जास्त असल्याने बिटवरचा लोखंडी मुलामा खाल्ला जातो. ओल्या स्पंजऐवजी पितळी जाळी वापरा, स्टेशन बंद करताना टोकाला वायर लावून ठेवा.

धुराबद्दल गैरसमज नको. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर असतो रोझिनचा, आणि या वायरीचाही तेवढाच त्रासदायक. शिसं पोटात जातं ते हातावाटे. ६३/३७ हाताळून त्याच बोटांनी खर्रा तोंडात टाकणारे आपल्याकडे कमी नाहीत. नवी वायर घेतली तरी जुन्या बोर्डावरचं शिसं आहेच, तेव्हा हात साबणाने धुणं सुटत नाही.

नागपूरहून रीळ मागवताना नुसत्या ‘रोहस’च्या स्टिकरवर जाऊ नका. मिश्रधातूचे आकडे वाचा. ६३/३७ आणि रोहस दोन्ही छापलं असेल तर ते रीळ परत करा. शंका असेल तर स्टेशन २०० अंशांवर ठेवून बिट वायरीला टेकवा. वितळलं तर शिसं आहे, किंवा बिस्मथ. १३८ अंशांना वितळणारी बिस्मथची ‘लो टेम्परेचर’ पेस्ट ऑनलाइन मिळते, तिच्यापासून जपून. शिशाचा अंश उरलेल्या पॅडवर ती लावली तर सुमारे ९६ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं, आणि प्रोसेसरजवळचा बोर्ड मे महिन्यात त्याच्या जवळपास तापू शकतो.

वायरीला ५ पैकी ४. पहिल्यांदा एकच रीळ घ्या, सोबत दोन जास्तीच्या बिट. ६३/३७ शिसेविरहित बोर्डांपासून दूर, वेगळ्या बिटसह वेगळ्या डब्यात ठेवा. २००६ च्या आधीच्या जुन्या बोर्डांना ती लागेलच.